रविवारची टिंबं

अण्णा, तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता. उत्तर मला माहीत होतं आणि मी ते दिलं नाही. आता माझ्या नातवंडांची लग्नं झाली, तरी ते मनातून जात नाही.

सोलापूर स्टेशनातल्या तारऑफिसातून निवृत्त झाल्यावर तुम्ही सरकारी परवाना काढून घरीच बिनतारी यंत्र जुळवलंत. तारेची ती टिंब-रेघांची कडकट्ट भाषा मला लहानपणीच शिकवली होतीत, आईच्या स्वयंपाकघरात, पाटावर पळी वाजवून. लग्न होऊन मी मोडनिंबला आले, तेव्हा ऐकण्याचा छोटा सेटही तुम्हीच करून दिलात. रविवारी गिरण्या बंद, हवेत खरखर कमी. त्या सकाळी तुम्ही खटका दाबून दोन ओळी पाठवायच्या, मी हेडफोन लावून त्या उतरवून घ्यायच्या आणि काय पोचलं ते कार्डावर कळवायचं. माझ्याकडून पाठवायची सोय नव्हती. आई बरी आहे, लिंबाला फुलं आलीत, एवढंच यायचं. पण त्या कडकट्टात मला तुमचा हात ओळखू यायचा.

मग टिंबं गळायला लागली. शब्द अर्धेमुर्धे येत. मी कळवलं. तुम्ही बॅटरी बदललीत, यंत्रातला दिवा बदलून पाहिलात. शेजारचे तेलुगू विणकर तुमच्या एरियलच्या तारेवर ओलं सूत वाळत घालत, त्यांना विनवून ते काढायला लावलंत. फरक पडला नाही. दिवाळीला मी माहेरी येते तर तुम्ही खटक्यापाशीच बसलेले. खटका तर टकटक वाजतो, इथे बसून सगळं ठीकच वाटतं, म्हणालात. आपण पाठवलेलं तुम्हाला ऐकू येत नसे. त्याला लांबचा कान लागे, आणि तो माझा होता.

"पोरी, एवढं नीट ऐकून कळव," तुम्ही म्हणालात. "नुसती टिंबंच गळत्यात, का लांब रेघ बी मधीच तुटती? रेघ तुटत असंल तर दोष तारंत हाय. नुसती टिंबंच जात असतील, तर मग माझा हातच गेला की."

रेघाही तुटत होत्या, अण्णा. पुढच्याच रविवारी मी ते स्पष्ट ऐकलं. पण मांडीवर तान्हं मूल, चूल खोळंबलेली, सून कानाला डबडी लावून बसते म्हणून सासूबाईंची धुसफुस. कळवलं असतं तर पुन्हा नवी खटपट, पुन्हा ऐकणं. मी कार्डावर लिहिलं, 'हात थकला असेल, आता विश्रांती घ्या.' तुम्ही उलट काही विचारलं नाहीत. ज्या हातावर जन्मभर घर चाललं तो गेला, हे माझ्या शब्दावर मानलंत आणि पाठवणं बंद केलंत.

तुम्ही गेल्यावर, दिवसकार्य उरकलं तेव्हा आई म्हणाली, ते यंत्र तूच घेऊन जा. मग म्हणाली, "हात गेला म्हणायचे. पर सुई तेच ववून द्यायचे मला, शेवटपतूर."

मी खटका उचलला. त्याची सुताचं वेष्टण असलेली तार टेबलाच्या कडेवर जिथे वाकत होती, तिथे बोटांना मऊ लागली. वेष्टण सोललं. आत तांबं तुटलेलं होतं, दोन टोकं नुसती एकमेकांना टेकलेली. हलकासा धक्का लागला की सुटत होती. आईनं काय झालं म्हणून विचारलं. काही नाही म्हणाले, आणि वेष्टण होतं तसं गुंडाळून ठेवलं.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून ठेवीन, झालं. वर मूल, चूल, सासूबाई असं लिहिलंय ते खोटं नाही. पण तुम्ही थांबलात त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी परसात बसून चहा गरम असतानाच प्यायले, आणि मला फार बरं वाटलं होतं.