घोट्याला बांधलेला हेर

तीर्थस्वरूप ताईस,

हल्ली वाकलं की गरगरतं, म्हणून बसल्या जागेवरूनच केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं लिही. गोड बोलून फसवणारी माणसं मला घरातच पुरेशी आहेत.)

केमोचा चौथा डोस झाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागरण आणि चार पावलांत दम, हे सगळं त्या औषधांमुळेच. आता औषध माणसाला उभं करायला असतं की आडवं, हे तीस वर्षं नर्स असलेली तूच सांग. मला दाट संशय आहे की औषध लागू पडत नाहीये, आणि हे तुझ्या भावजयीला ठाऊक आहे.

त्यातच डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटाला एक पट्टा बांधला. तो पावलंही मोजतो आणि झोपही. (हेरच म्हण ना!) रोज दोन हजार पावलं चाला, म्हणजे रात्री झोप लागेल, असं फर्मान निघालं. पहिल्या आठवड्यात माझी गाडी तीनशेच्या पुढे जाईना, त्यातली निम्मी पावलं बाथरूमपर्यंतची. बायकोने आकडा पाहिला आणि काहीच बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसल्याचं हे पहिलंच उदाहरण. म्हणजे प्रकरण गंभीर असणार.

मग मी डोकं चालवलं. पट्टा काढून घोट्याला बांधला आणि शिलाई मशीनवर बसून पायडल मारायला लागलो. पाच मिनिटं मारायचं, दहा मिनिटं धापा टाकायच्या. (शिंप्याला नुसतं पायडल मारवत नाही, म्हणून अभ्रे शिवले. घरात उशा चार, अभ्रे एकोणीस.) आठवड्याभरात आकडा तीन हजारांवर! झोपही पाच तास लागली म्हणे. आता मी तर झोपलेलो होतो, मी कशावरून मानू?

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्याच्या आकड्यांचा कागद पाहिला, बायकोकडे पाहिलं, आणि "छान, छान, छान" म्हणाल्या. एकदा म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला असता. पण बाही चुकीची कापली गेली की गिऱ्हाइकाला मीही तीनदाच छान म्हणतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. घोट्याची गोष्ट भावजयीला कळू देऊ नकोस. (हल्ली ती रोज सकाळी मशीनला तेल घालून ठेवते, पण ते सहज असावं.)

आणखी एक ता. क. खरं काम राहिलंच. तू नर्स, तुला डॉक्टरीणबाई खरं सांगतील. फोन करून विचार, औषध लागू पडतंय का. मला विचारायची भीती वाटते ग. उत्तर वाईट असेल तर पत्र लिहू नकोस, सरळ निघून ये. नाही, थांब. मग तू दारात दिसलीस की मला कळेल. त्यापेक्षा उत्तर काहीही असो, तू ये.