उम्मी तुर्कियाचं पहिलं पातेलं

११ ऑक्टोबर

उम्मी तुर्किया गेली. दुपारी पुरलीसुद्धा.

नव्वदीच्या पुढे होती. नवरा फ्रान्सला गेला तो गेलाच, पोरबाळ नाही. मग सगळी गल्लीच तिची, सगळ्यांची ती उम्मी, म्हणजे आई. नळ गल्लीत आणायला नगरपालिकेच्या पायरीवर ठाण मांडून बसलेली हीच. बायकांना सही करायला शिकवलं हिनंच. आणि कुणाकडे मयत झालं की पहिलं पातेलं हिचं. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारचे जेवण आणतात. पण तुर्कियाचं पातेलं पोचल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं निघायचं नाही. कधी ठरलं कुणास ठाऊक.

मी बकरीची घंटा इमामाच्या दाराला बांधली तेव्हा चप्पल मारली होती तिनं. म्हणाली, "दलीला, तू मेलीस तरी लोक म्हणतील, सोंग करतेय."

संध्याकाळी गंमत झाली. गंमत कसली. सगळ्यांनी रव्याचं कुसकुस शिजवलं, सगळ्यांनी तिच्या पायरीवर आणून ठेवलं. आत दुखवट्याला बसलेलं कुणीच नाही! ज्याला त्याला वाटलं, दुसरं कुणी बसलं असेल. स्फॅक्स शहरातली तिची भाची येईल असं धरून चालले होते. तिचा फोन आला — यायला जमत नाही.

पातेली गार झाली. मांजरांचं फावलं.

१२ ऑक्टोबर

आई म्हणाली, कुलूप लावून टाकतील आज. तीन दिवस दार उघडं राहिलं नाही तर माणूस जगलं की नाही कुणाला कळणार? असं आई नाही म्हणाली. मला वाटलं.

मी जाऊन तिच्या चटईवर बसले. दार सताड उघडं.

पलीकडची सालहा डोकावली. "अगं बाई, आज नवीन खेळ वाटतं. तिकीट किती?"

मी म्हटलं, "तुला फुकट. तुझा नवरा मासे चांगले देतो."

हसली नाही. गेली. बाहेर कुजबुज. सख्खं कुणी नाही आणि बसलीय कोण, तर ही.

मग हज करून आलेली हाज्जा मन्नाना आली. तिला दिसत नाही. भिंत चाचपत आली, माझं तोंड चाचपलं, नाक ओळखलं. म्हणाली, "तू होय." मला वाटलं, हाकलते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अल्ला तुला सबुरी देवो, पोरी." जसं सख्ख्या माणसाला म्हणतात तसं.

त्यानंतर सगळ्या आल्या. सालहापण. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर

तिसरा दिवस झाला. लोकांची भांडी राहिली होती. घासली. तुर्किया कुणाचंच भांडं रिकामं परत करायची नाही — अंड्याचं असो की मिठाचं. तिच्या कोठीत सुके अंजीर होते. प्रत्येकात मूठमूठ घातले आणि घरोघर दिले.

सालहानं भांड्यात बघितलं आणि पांढरी पडली. अंजीर गल्लीत भिरकावले. "माझ्या घरात मयत पाठवतेस?"

आईनं घरी आल्यावर थोबाडीत मारली. मयताच्या घरचं भांडं रिकामंच जातं म्हणे. रिकामं म्हणजे संपलं. भरून दिलं म्हणजे मरणाला सांगणं — पुन्हा ये.

मला कोण सांगणार? आमच्या घरात माझ्या जन्मापासून कुणी मेलेलंच नाही. आणि लोकांना वाटलं, मी मुद्दाम केलं. माझंच नाव तसं.

१५ ऑक्टोबर

अंजीर बकऱ्यांनी खाल्ले. बकऱ्यांना काही झालं नाही.

१८ ऑक्टोबर

पावाच्या दुकानात माझ्यामागे कुणी उभं राहिलं नाही. एरवी मी यावरून कितीतरी विनोद केले असते.

२१ ऑक्टोबर

वादळ. सालहाचा नवरा हादी होडी घेऊन गेलेला. होडी आली. उलटी.

दुपारी तो पण सापडला. किनाऱ्यावर मी लांब उभी होते तरी सगळे वळून माझ्याकडे बघत होते. आईनं मला घरात ओढलं, कडी लावली. म्हणाली, "खिडकीशी जाऊ नकोस."

मूठभर अंजीर, उम्मी. तूच शिकवलंस ना, रिकामं देऊ नये? मग पुढचं का नाही सांगितलंस?

२२ ऑक्टोबर, सकाळी

कालपासून सालहाकडे कुणी जेवण नेलं नाही. प्रत्येक घरातून रश्श्याचा वास येतोय. पातेली झाकून ठेवलीत. पहिलं कुणी न्यायचं? पुढं व्हायला सगळ्या घाबरतात. तिची पोरं उपाशी.

आईला म्हटलं, तुर्कियाचं पातेलं आणते. ती कांदे चिरायला बसली.

२२ ऑक्टोबर

पातेलं जड होतं. दुसरा कान आईनं धरला. गल्ली चिडीचूप, दारं अर्धी उघडी.

सालहा उंबऱ्यावर आली. डोळे सुजलेले. पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एका बाजूला सरकली.

"ठेव आत," म्हणाली. "भांडं रिकामंच पाठवीन."