राजाकाका विसरले तो कागद

पावस, जि. रत्नागिरी
२२ नोव्हेंबर २०२५

चि. भार्गवीस,

आईचे आशीर्वाद. पोटातल्याला वेगळे, आणि वरदलाही.

हे पत्र सामानात अगदी वर ठेवलं आहे, म्हणजे डबे उघडण्याआधी हाती लागेल. शार्दूल सोमवारी निघतो. देवळापलीकडच्या घरातला, शाळेत तुझ्या मागे होता तो. तुमच्यापासून गाडीने तासाभरावर राहतो असं कळलं, म्हणून त्याला गाठलं. बिचाऱ्याला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या आईने बॅग आधीच इतकी ठासून भरली होती की माझं सामान घेण्यासाठी त्याने स्वतःचे बूट बाहेर काढले.

डिंकाचे लाडू निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत, ते बाळंतपणानंतरचे. आत्ता खायचे नाहीत. तू खाणार हे मला माहीत आहे, म्हणून सोबत थोडे रव्याचेही दिलेत. बाळंतशेप भाजून दिली आहे, जेवणानंतर चमचाभर चावून खायची. मेतकूट, कुळथाचं पीठ, सुंठ. बाळाच्या अंगाला लावायचं तेल घाण्यावरून आणलं आहे, बाटली दुहेरी पिशवीत बांधली आहे. हळीव देणार होते, पण शार्दूल म्हणाला, बी-बियाणं दिसलं की तिथले कस्टमवाले काढून घेतात, म्हणून ते राहिले. तिकडच्या आपल्या लोकांच्या दुकानात मिळतात का ते वरदला बघायला सांग.

इकडे भात घरात आलं. यंदा पाऊस जाता जाईना, त्यामुळे कलमांना नुसती पालवी फुटते आहे, मोहोराचं नाव नाही. राजाभाऊ रोज सकाळी बागेत जाऊन एकेका कलमाखाली उभे राहतात, वर बघतात आणि परत येतात.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर वरद शेजारी असतो, तू स्पीकर लावून भांडी घासत असतेस, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं सुरू होतं. ही सवय तू माझ्याकडूनच उचललीस, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत सांगायची आहे. मध्येच तुटली तर मी ती पुन्हा धरणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखते.

आधी तारखेचं. व्हिसाच्या मुलाखतीसाठी पुन्हा अर्ज केला होता. एजंटने काल कळवलं, मिळते ती तारीख थेट जूनमधली. मध्ये कोणाची सुटली तर बघतो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात काही जीव नव्हता. म्हणजे जानेवारीत मी तुझ्याजवळ नसेन. हे वाक्य लिहायला सकाळपासून हात उचलत नव्हता, म्हणून लाडवांचं एवढं लांबवलं.

आता त्या कागदाचं.

दसऱ्याच्या आधी मला व्हिसा नाकारला, त्या दिवशी तू तिकडे रात्रभर जागी होतीस. मी बाहेर येते न येते तोच तुझा फोन आला. काय झालं म्हणून विचारलंस. मी म्हटलं, कागद अपुरे पडले. कुठला? तर माझ्या तोंडात आलं, सातबारा. तू म्हणालीस, तो तर राजाकाका आणणार होता. त्यावर मी गप्प राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या गप्प राहण्यातून तू जे समजायचं ते समजलीस.

सातबारा फाइलमध्ये होता, भार्गवी. पहिल्याच पानावर.

तुझ्या बाबांच्या पश्चात बागेला माझं नाव लागलं, तो उतारा राजाभाऊंनी तलाठ्याकडे खेपा घालून आणला होता. घरपट्टीच्या पावत्या, माझ्या पेन्शनचं पासबुक, शाळेतून निवृत्त झाल्याचा दाखला, सगळं त्यांनी लावून ठेवलं होतं. एजंट म्हणाला होता, या बाई परत येणार याची साहेबाला खात्री पटली पाहिजे. ते बोलणं तुझ्या काकांनी फार मनावर घेतलं. पासपोर्टच्या वेळी चौकशीला पोलीस आला, तेव्हाही त्याला कोकम सरबत पाजून वहिनी किती सरळमार्गी आहेत हे इतका वेळ सांगत बसले की त्यालाच संशय आला असेल. व्हिसाचा फॉर्म भरताना तर कहर झाला. एजंट एकेक प्रश्न मराठीत करून विचारत होता. तुम्ही कधी घातपाताच्या कृत्यात भाग घेतला आहे का? मी नाही म्हणायच्या आत राजाभाऊ म्हणाले, ‘वानरांवर सुतळी बॉम्ब टाकलेत, ते धरायचे काय?’ एजंट खुर्चीवरून पडायचा तेवढा बाकी होता.

वकिलातीत फक्त मला एकटीला सोडलं. मोबाईल, पर्स, पाण्याची बाटली, सगळं राजाभाऊंच्या हातात. एरवी लग्नकार्यालाही घालत नाहीत ते बूट त्यांनी त्या दिवशी घातले होते. रखवालदार फाटकाशी उभं राहू देईना, तेव्हा रस्त्यापलीकडे उन्हात जाऊन उभे राहिले.

आत खिडकीमागे एक तरुण साहेब होता आणि त्याच्या बाजूला मराठी सांगायला एक मुलगी. तुझ्याच वयाची असेल, आवाज मऊ. मी फाइल काचेसमोर धरून होते, पण त्यांनी ती मागितलीच नाही. मुलगी कुठे असते, जावई काय करतात, तुम्ही कशाला जाता, किती दिवस राहणार. एजंटने घोकून घेतलं होतं तसं सगळं सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, ‘काकू, साहेब विचारतात, इथे तुमचं कोण आहे?’

याचंही उत्तर पाठ होतं. घर आहे, बाग आहे, दीर आहेत, मला परत यायलाच हवं. पण तुझे बाबा गेल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. लोक कशा आहात विचारतात, त्याला बरी आहे म्हटलं की संपतं. त्या मुलीने इतक्या मायेने विचारलं की मला एकदम भरून आलं. मी म्हणाले, ‘इथे कोण नाही हो माझं आता. जे काय आहे ते तिकडेच आहे.’

ती माझ्याकडे बघत राहिली. सांगू की नको असं झालं असावं तिला. पण तिचं कामच ते. तिने सांगितलं. साहेबाने मान हलवली आणि पासपोर्ट एका छापील चिठ्ठीसकट बाहेर सरकवला.

आम्ही केळशीकडच्या बायका पोटात काही ठेवत नाही, असं मी जन्मभर मिरवत आले. माहेराहून आणलेली ही जीभ अशी नडेल असं वाटलं नव्हतं. आणि ती तेवढ्यावर थांबली नाही.

रस्ता ओलांडून गेले तर राजाभाऊ बाटलीचं टोपण उघडून तयार. ‘काय विचारलंन?’ म्हणाले. मी त्याच भरात होते. जसं घडलं तसं सांगून टाकलं, शब्दही गाळला नाही. आपण हे कोणापुढे बोलतो आहोत, याचं भान वाक्य संपल्यावर आलं. त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘खरं तेच सांगितलंत.’ आणि पाणी पुढे केलं.

तेवढ्यात तुझा फोन वाजला. सातबाऱ्याचं मी जे बोलले, ते त्यांच्या देखत बोलले. त्यांनी ते ऐकलं आणि माझी पर्स मला परत देऊन रिक्षा बघायला गेले.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूचं. माझ्या बाजूचं असं, की त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर टाकतात. पावसला आल्यावर तुझा त्यांना फोन आला, तेव्हा मी ओट्याशी होते. एवढं एक काम होतं काका तुझ्याकडे, असं तू म्हणालीस. आणि मग म्हणालीस की तुला स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं. तू घाबरली होतीस, परक्या देशात पहिलं बाळंतपण आणि आई येणार नाही. मी तुला दोष देत नाही. पण त्या माणसाने लग्न केलं नाही आणि तुला खांद्यावरून शाळेत नेलं, हे आपण दोघीही जाणतो. ते म्हणाले, ‘चुकलं माझं, बाये. घाईत राहिला कागद.’

मी हातात पळी घेऊन उभी होते. तेव्हा एक शब्द बोलले असते तर तिथेच मिटलं असतं. नाही बोलले. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, ही म्हण मी किती वर्षं वर्गात शिकवली, मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला. दिवाळीत तुझा फोन आला, तेव्हा ते पडवीत रांगोळीजवळ उगाच रेंगाळत होते. काकाला दे, असं तू म्हणाली नाहीस. मीही दिला नाही, कारण दिला असता तर मला बोलावं लागलं असतं.

मला ते काही म्हणाले नाहीत. दोन्ही वेळा जेवायला येतात, मीठ कमी-जास्त सांगतात. फक्त आता जेवण झालं की ताट स्वतः विसळून पालथं घालतात, खाणावळीत जेवल्यासारखे. मी नको म्हटलं तर म्हणाले, असू दे हो, सवय असलेली बरी.

कोण नाही म्हणाले मी. तुझे बाबा गेले त्या आठवड्यात मला एकटं वाटू नये म्हणून ज्यांनी आपल्या बाजूची खाट उचलून आमच्या पडवीत टाकली, ते नाहीत. वीज गेली की कंदील पेटवून आधी माझ्या दारात ठेवतात, ते नाहीत. रोजचं माणूस नजरेतून कसं निसटतं बघ. आणि सगळ्यांत वाईट हे की मी तेव्हा खोटं बोलत नव्हते. त्या घटकेला मला खरोखर तसंच वाटलं होतं. खोटं मी नंतर तुझ्याशी बोलले.

आज-उद्या करत मी हे पत्र इतके दिवस टाळलं. काल डबे बांधत होते, तर राजाभाऊ आंब्याची साठं घेऊन आले. मे महिन्यात रायवळ आंब्यांची त्यांनी स्वतः वाळवली होती, तुला आंबट आवडतात म्हणून. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, मी दिलीत असं कळवू नका, नाहीतर ती खायची नाही. तेव्हा मात्र मला राहवेना. मी विचारलं, कागद फाइलमध्ये होता हे तुम्हाला ठाऊक होतं, मग तिच्यापाशी चुकलं असं का म्हणालात?

ते डब्याला सुतळी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, ‘अशा दिवसांत पोरीने आईवर रागावणं बरं नव्हे, वहिनी. काकावर चालतं.’

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी त्यांची माफी मागितली. कसली माफी, म्हणत उठले आणि फवारणीचा पंप उघडून बसले. आज दुपारीही ताट विसळून गेले. एका माफीने फिटावं एवढं लहान हे नाही, ते मला कळतं.

जूनमध्ये मी जाईन. पुन्हा तेच विचारलं तर काय सांगायचं ते आता मला घोकावं लागणार नाही. व्हिसा मिळो, न मिळो. पण बाळाला पहिलं न्हाऊ घालायला, तुला शेक द्यायला, तू झोप, मी घेते त्याला, असं म्हणायला मी तिथे नसेन. बोलून गेले मी आणि जागरण तुला. यावर किती विचार केला तरी मला दुसरं काही सुचत नाही. डॉक्टर सांगतील ते कर, आणि वरदला रजा मोठी घ्यायला लाव.

राजाकाकाला फोन कर. तुझी सकाळ असते तेव्हा ते बागेतून आलेले असतात. काय बोलायचं ते मी सांगत नाही, तुझं तू बघ. जरा मोठ्याने बोल, एवढंच.

आणि तुला राग येईल तो येऊ दे. काका म्हणतात आईवर रागावणं बरं नव्हे. त्यांचं मन मोठं आहे, पण इतके दिवस माझ्या वाटणीचं त्यांनी झेललं, ते पुरे झालं. जे बोलायचं असेल ते मला बोल, कितीही बोल, या वेळी मी मध्ये तोंड घालणार नाही. मी इथेच आहे.

तुझी,
आई