तारेखालची साल

८ जून

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमीच. माझी पत्रं तू न उघडताच ठेवून देतोस असं वहिनी फोनवर म्हणाली. तर वहिनी, हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव.

दादा, नासपती जगली! बाबांनी स्वतः तयार केलेलं ते कलम, ज्यावरून तुमचं वाजलं, तेच. तू गेलास त्या दिवशी बाबांनी कुऱ्हाड काढली होती. मी आडवी आले. म्हटलं, "एक वर्ष द्या मला, मग खुशाल तोडा."

झाडाच्या नावाची पाटी बांधलेली, खोडात रुतलेली तार काढली तेव्हा खोडाभोवतीची साल पार कापली गेली होती. पानांत तयार झालेली साखर सालीतूनच मुळांकडे उतरते, आणि ती वाटच बंद! म्हणून तर आदल्या वर्षी फळं इतकी गोड लागली. आपण मिटक्या मारत होतो, अन् खाली मुळं उपाशी मरत होती.

मग त्याच झाडाच्या सात काड्या घेतल्या, जखमेवरून पुलासारख्या उभ्या बसवल्या, दोन्ही टोकं जिवंत सालीखाली खोचली, वरून मेण लावलं. बाबा म्हणाले, "मेलेल्याला पट्टी बांधतेयस." तीन वाळल्या. चार धरल्या, आता अंगठ्याएवढ्या जाड झाल्यात. काल बाबांनी बुंध्याशी माती उकरली, तर पांढरी शुभ्र, कोवळी मुळं! म्हातारा तिथेच मातीत फतकल मारून ओरडला, "उतरली गं साखर खाली! जिंकलीस, पोरी!" मला आकाश ठेंगणं झालं.

आणि तिथेच मला रडू फुटलं. ती तार मी बांधली होती, दादा. पाटीची सुतळी दरवर्षी कुजायची, म्हणून मी तारेचे दोन फेरे देऊन घट्ट पीळ मारला, आणि खोड वाढेल तशी ती सैल करायची साफ विसरले. पाट्या नेहमी तू बांधायचास, म्हणून बाबांनी तुलाच फैलावर घेतलं. तू बॅग उचललीस, मी मूग गिळून बसले. फार लाज वाटते रे.

काल बाबांना सगळं सांगितलं. आत्ता शेजारी बसलेत. म्हणतात, "लिही, माझं चुकलं." लिहिलं. म्हणतात, "त्याखाली रेघ मार." मारली. आता विचारताहेत, "कधी येतो म्हणाला?" अजून पत्र पाकिटातसुद्धा गेलेलं नाही!

भांडायला का होईना, पण ये.

तुझ्यावर आळ येऊ देणारी,
तुझीच धाकटी