डावा वेढा

२ फेब्रुवारी
प्रदर्शनाची भिंत भरली! मी काढलेले एकवीस फोटो. नळ, मीटरच्या पेट्या, गटाराची झाकणं, खांबावरचे डबे. भाची म्हणाली, "आत्या, यात बघायचं काय?" — तेच तर! रोज यांच्याजवळून जातो, बघतो कोण?
पाईपांची ओळ मात्र जमेना. सगळे उजवीकडे जाणारे, एकच उलट्या तोंडाचा. शेवटी तो फोटो आरशातल्यासारखा पलटवला. आता कशी सरळ झाली ओळ!

३ फेब्रुवारी
त्याच फोटोपुढे उभी होते. फुटक्या जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि वेढे डाव्या हाताचे! दादा पाणीखात्यात फिटर, अख्ख्या गँगमध्ये एकटा डावखुरा. माझ्या दप्तराचा तुटका पट्टा असाच बांधून द्यायचा. ऊर भरून आला. खाली चिठ्ठी लावली: 'ही गाठ माझ्या दादाची.'

६ फेब्रुवारी
गर्दी बरी. दादा आला, त्या फोटोपुढे बराच वेळ थांबला. "चिठ्ठी काढतेस का?" मी म्हटलं, लाजतोस काय! चहा न घेताच गेला.

७ फेब्रुवारी
त्याच्या खात्याचे साहेब येऊन गेले. चिठ्ठीसकट फोटो टिपून नेला. मीही हौसेने गाठीचं कौतुक सांगत बसले.

९ फेब्रुवारी
दादाला घरी बसवलं. चौकशी! असला तात्पुरता जोड आठ दिवसांत बदलायचा असतो, हा पाच महिने तसाच राहिला. त्यातून घाण शिरली, खालच्या वस्तीत घरंच्या घरं जुलाबाने आडवी झाली. नेमका कोणी बांधला, हे खात्याला सापडत नव्हतं. मी भिंतीवर टांगून दिलं!
दादा साहेबांपुढे म्हणाला, "मीच."

१० फेब्रुवारी
सगळे फोटो उतरवले.

१३ फेब्रुवारी
दादाकडे गेले. वहिनीने दार उघडलं, मान वर केली नाही. पाणी ठेवलं नि आत गेली. एरवी जेवल्याशिवाय सोडत नाही! तिचा भाऊ बसलेला — तोही दादाच्याच गँगमध्ये, रोजंदारीवर. मला बघताच चप्पल घालून निघाला. सगळ्यांच्या मनातून उतरले. बरोबरच आहे. कोणी सांगितला होता हा चोंबडेपणा?
दादा मात्र नेहमीसारखा. "तू कशाला रडतेस? घरी तर मी बसलोय."

१७ फेब्रुवारी
मूळ फोटो उघडला. वेढे उजवे! मीच पलटवला होता, आणि दुसऱ्याच दिवशी साफ विसरले. गाठ दादाची नाहीच!
मग कबूल का झाला? माझी चिठ्ठी खोटी पडू नये म्हणून? त्याचा काही भरवसा नाही. शाळेत काच मी फोडली, छड्या त्याने खाल्ल्या.
दादाला फोन केला. तर म्हणतो, "कोणाला बोलू नकोस. पुसून टाक तो फोटो." — पुसून टाक म्हणे! इतकं उपकाराचं ओझं मला नाही पेलवत.

१८ फेब्रुवारी
नाही पुसला. चौकशीच्या साहेबांना स्वतः नेऊन दिला, सोबत पत्र: चूक माझी, भाऊ डावखुरा, हे वेढे उजव्या हाताचे. त्यांनी रजिस्टर उघडलं. "जोड बांधला त्या दिवशी कामावर दोघंच होते. हा नाही, तर दुसरा." दुसरा कोण ते मी विचारलंही नाही. मला काय करायचंय! आज कितीतरी दिवसांनी दोन घास गोड लागले.

१९ फेब्रुवारी
सकाळी वहिनी आली. एकटी. उंबऱ्याशीच उभी राहिली. "वन्सं, तुमच्या नजरेला नजर देता येईना मला. गाठ माझ्या भावाची आहे. ह्यांची फार तर बदली होईल, त्याला काढूनच टाकतील, म्हणून ह्यांनी माझ्याकडे बघून अंगावर घेतलं. तो फोटो तेवढा कोणाला दाखवू नका."
मी "बरं" म्हटलं.