ह्यांनी सोडलं तरी काय?

बुधवार, १८ फेब्रुवारी
कपाळावर राख घेऊन दोघं घरी आलो. फादर म्हणाले, ईस्टरआधीच्या ह्या चाळीस उपवासाच्या दिवसांत एक सवय सोडा, एक धरा. मी चहातली साखर सोडली. धरली ही वही. ह्यांना विचारलं, तुम्ही काय सोडलं? "ते सांगायचं नसतं." अरे वा! तीस वर्षांच्या संसारात माझ्यापासून पहिल्यांदाच काही लपवतायत. बघतेच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
चहा घशाखाली उतरेना. ह्यांनी दोन चमचे साखर घेतली, वर माझ्याकडे बघत ढवळत बसले. म्हणजे साखर नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी
सिगारेट ओढली. पेपर वाचला. घोरणं तर विचारूच नका! पण चार वाजता घरीच. दर शनिवारी घड्याळांचं दुकान लवकर बंद करून पोस्टमास्तरांकडे बुद्धिबळ खेळायला जातात, ऊन असो की पाऊस. आज खिडकीशी बसले. समोर कुणाचं तरी घड्याळ उघडून ठेवलं नि हातही लावला नाही. सापडलं — बुद्धिबळ सोडलं!

मंगळवार, २४ फेब्रुवारी
दिवसभर शिलाई मशीनवर. उपवासकाळातच लोकांच्या कमरा कशा वाढतात, देव जाणे. एक बाई स्वतःचा लग्नातला पोशाख घेऊन आली, मुलीच्या मापाचा करून हवा होता. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, बोलावं लागलं नाही.

आमच्या लेकीने आम्हाला न विचारता लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. ह्या घरात तिचं नाव काढायचं नाही, असं मीच बजावलं होतं. ह्यांनी नुसती मान हलवली होती. मला काही तिची आठवण येत नाही. येते. वहीशी कशाला खोटं बोलू? रोज येते.

रविवार, ८ मार्च
चर्चबाहेर पोस्टमास्तर भेटले. म्हटलं, "शनिवारी करमत नसेल ना हो ह्यांच्याशिवाय? मग बुद्धिबळ खेळता कुणाशी?"
"काय खेळतो? अहो वहिनी, बुद्धिबळातला घोडा कसा चालतो तेही मला ठाऊक नाही!"
मीही हसले. पण घरी येईस्तोवर मनात शनिवार मोजत होते. इतके शनिवार! जात होते कुठे?

सोमवार, ९ मार्च
ह्यांच्या कोटाचे खिसे तपासले. शिंपीणच मी, खिसे बघायचेच असतात — अशी मनाची समजूत घातली. एक बारका स्क्रू, एक रुमाल. बाई असेल? ह्या वयात? स्वतःचा चष्मा सापडत नाही, बाई कुठून सापडणार! तरी रुमालाचा वास घेऊन बघितला.

शनिवार, १४ मार्च
पुन्हा खिडकी. न राहवून विचारलंच, "सोडलंत तरी काय?"
"खोटं बोलणं."
हसूच आलं मला. घड्याळ दुरुस्त होणारं नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस हा! मग हळूच म्हणाले, "पोस्टमास्तर भेटले होते ना तुला? आता तू विचारलंस तर मला खरं सांगावं लागेल. बघ, विचारायचं का."
शेजारणीच्या पार्सलात काय आहे हे कळल्याशिवाय जिना न चढणारी मी — उठून चहाचं आधण ठेवायला गेले. भीती वाटली.

रविवार, १५ मार्च
नाही विचारलं.

शनिवार, २८ मार्च
चारला फोन वाजला. हे खिडकीशी, म्हणून मी उचलला. "आई... ठेवू नकोस. बाबा बरे आहेत ना? आजचा सहावा शनिवार, माझ्याकडे आले नाहीत."

"ठणठणीत आहेत," म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. इतकं विचारायचं होतं, पण आधी पेन्सिल शोधली आणि विचारलं, "पत्ता सांग तुझा."