स्टेनलेसची खात्री

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

उस्ताद उद्यापासून रजेवर. मोतीबिंदू. बंदूक-पिस्तूल दुरुस्तीचं हे दुकान दहा दिवस माझ्या भरवशावर. अकरा वर्षं काउंटरवर बसलो, शेवटी माणसाची किंमत कळते. जाताना म्हणाले, जुनी छोटी पिस्तुलं आली तर दुरुस्ती करू नकोस. पोलाद कुठलं, फिनिश कुठलं, एवढंच ओळखून लिहून ठेव. नीट लिहिलंस तर खिडकीजवळचं कामाचं टेबल तुझं.

टेबल माझं!

उस्तादांची पद्धत जुनी. हात लावायचा तर तेलाच्या फडक्याने. आधी मुठीच्या दोन्ही पट्ट्या उघडायच्या, खाली काय आहे ते बघायचं, मग तोंड उघडायचं. त्यांना दिसत नाही म्हणून हा उपद्व्याप. माझी नजर शाबूत आहे.

संकल्प: १) चहा दोनच. २) रोज एक तास अभ्यास. ३) कपड्यांच्या तारेचा विषय घरात बंद. मी आणलेली तार स्टेनलेसचीच आहे. शर्टांवर तांबड्या रेघा उठतात त्या पाण्यामुळे. बायकोला हे तीनदा समजावलं.

५ मार्च, बुधवार
चहा चार. पण आजचा दिवसच तसा.

दारात आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. केस पांढरे, नजर तीच. मी काउंटरमागे आपोआप उभा राहिलो. ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, तू तोच ना, आधी उत्तर लिहायचास आणि मग गणित ओढून त्याच्याकडे आणायचास. एवढ्या वर्षांनी हेच आठवावं? मी म्हटलं, बाई, आता मी पोलादाचा तज्ज्ञ आहे. त्यांनी पर्स उघडली.

पर्समधून रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं. तळहाताएवढं. त्यांचे वडील गावोगाव फिरणारे डॉक्टर, हे कोटाच्या खिशात असायचं. कधी झाडलं नाही. आतली पिन केव्हाच काढून टाकलेली. संग्रहालयात फिरत्या डॉक्टरांचं एक काचेचं कपाट होतंय. बॅग, कंदील, हे पिस्तूल, आणि खाली वडिलांचं नाव. अट एकच, फिनिश मूळचं हवं. दुकानाने फॉर्म भरून द्यायचा. संग्रहालयाचे साहेब चौदा तारखेला येणार.

डाव्या अंगाला एक पांढरी चकाकती जागा आहे, नाण्याएवढी. वडील चालताना खिशात अंगठा तिथे फिरवत, झिजून झाली. लहानपणी बाई त्यांच्या शेजारून चालायच्या. एवढंच म्हणाल्या आणि रुमाल घडी करून परत पर्समध्ये ठेवला.

नोंद: गिऱ्हाईक भावुक.

६ मार्च, गुरुवार
लागला शोध. एका तासात!

पिस्तूल वरून काळं, कुठे कुठे चहासारखं तपकिरी. पण कडा जिथे झिजल्यात तिथे खाली पांढरा धातू. म्हणजे आत पांढरं, वरून काळं. साधं लोखंड पांढरं कसं असेल? तर आत स्टेनलेस, आणि वरचा काळा रंग मागाहून कुणीतरी फासलेला.

खात्रीसाठी चुंबक लावलं. टक्कन चिकटलं. क्षणभर घाम फुटला. मग व्हिडिओ बघितला. काही स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं. झालं! चिकटलं असतं तरी स्टेनलेस, नसतं चिकटलं तरी स्टेनलेस. शास्त्र आपल्या बाजूने असलं की असं होतं.

पट्ट्यांचा स्क्रू फिरवून बघितला. जाम. स्क्रूड्रायव्हर सटकला, लहानसा ओरखडा. जुन्या वस्तूंना असे ओरखडे असतातच.

उस्तादांचा फोन, म्हणजे त्यांच्या सुनेने धरलेला. विचारतायत, पट्ट्या उघडल्यास का. मी हो म्हटलं. मनाने उघडल्याच होत्या.

८ मार्च, शनिवार
रात्रभर विचार. संग्रहालयाला मूळ फिनिश हवं. मूळ तर काळ्या रंगाखाली गुदमरलंय. तसंच दिलं तर साहेब म्हणणार, हा रंग मागाहूनचा, नको. बाईंच्या वडिलांचं नाव कपाटाबाहेर राहणार, ते माझ्या डोळ्यांदेखत! तेव्हा रंग काढणं हे माझं कर्तव्य.

व्हिडिओवाला म्हणतो, व्हिनेगर. सगळा व्हिडिओ बघितला नाही, मुद्दा कळला. स्वयंपाकघरातून बाटली उचलली. बायकोने विचारलं, कशाला. म्हटलं, प्रयोग. तिने फक्त बाल्कनीतल्या तारेकडे बघितलं. मी संकल्प क्रमांक तीनला जागलो.

१० मार्च, सोमवार
विजय.

फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून घासलं. काळं भराभर फडक्यावर. दहा मिनिटांत पिस्तूल चांदीसारखं. ती नाण्याएवढी जागा आता वेगळी दिसत नाही, सगळंच तिच्यासारखं चकाकतंय. बाईंना उलट जास्तच आनंद होईल.

नळाखाली स्वच्छ धुतलं. तेल लावलं नाही. स्टेनलेसला तेल कशाला, उगीच चिकट होतं. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, ओल्या फडक्यावर. माझ्या टेबलावर.

फॉर्म शाईच्या पेनाने भरला. पोलाद: स्टेनलेस. फिनिश: मूळ. ठसठशीत अक्षर.

११ मार्च, मंगळवार
सकाळी ९.१०. केशरी.
९.२५. ऊन तिरपं पडत असेल. पडदा ओढला. तरी केशरी.
९.४०. बोट लावलं. बोटही केशरी.
१०.००. पुसलं. गेलं. जिंकलो.
११.३०. परत आलं.
दुपारी १. बायको डबा घेऊन आली. मी पिस्तुलावर वर्तमानपत्र टाकलं होतं, तिने डबा ठेवायला तेच उचललं. बराच वेळ बघून म्हणाली, अगं बाई, ही तर आपली तार. मी म्हटलं, पाण्यामुळे. ती म्हणाली, दुकानाचं पाणीही तसंच का? डबा गोड लागला नाही.

१२ मार्च, बुधवार
घाबरायचं कारण नाही. उस्तादांच्या खणात एक बाटली आहे, पोलाद काळं करायची. लेबलावर लिहिलंय, सोपी पद्धत.

लावली. एका बाजूला जांभळं, एका बाजूला राखाडी, मध्ये पिवळट डाग. परत लावली. डाग वाढले. तिसऱ्यांदा लावली. चहा आज सात.

परवा साहेब. परवा बाई.  सोमवारचा फॉर्म फाडला, नवा घेतला. फिनिश: तीन रंगांचं, दुर्मीळ. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं.

१३ मार्च, गुरुवार
उस्ताद एक दिवस आधीच हजर. काळा चष्मा. मला वाटलं, देव पावला, यांना अजून दिसत नसणार.

पिस्तूल हातात घेतलं. चष्मा काढला. इतकं स्वच्छ बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, चार वर्षं मला नीट रंग दिसत नव्हते. अंगठ्याने ओळखायचो आणि पट्ट्या उघडून खात्री करायचो. आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघतोय, आणि बघतोय काय तर हे.

मी बाजू मांडली. बाईंनी सांगितलेलं सगळं, पांढरा धातू, चुंबक, व्हिडिओ. त्यांनी दारामागचा खिळा घेतला, कानशीने घासला, माझ्यापुढे धरला. पांढराशुभ्र. म्हणाले, सगळंच पोलाद आतून पांढरं असतं रे. तो काळा रंग कुणी फासलेला नव्हता. कारखान्यातच पोलादावर चढवलेलं ब्लूइंग होतं, शंभर टक्के मूळचं.

स्क्रूवर तेलाचा एक थेंब टाकला. पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग स्क्रू लोण्यातून सुटावा तसा सुटला. पट्टीखाली दोन बोटं रुंद जागा, निळसर काळी, कालच केल्यासारखी.

पंधरा मिनिटं. एवढंच थांबायचं होतं.

मी विचारलं, निदान ही जागा तरी राहिली ना? उस्ताद म्हणाले, अंगठ्याची खूण कुठाय?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१४ मार्च, शुक्रवार
साडेदहाला बाई आणि साहेब एकदमच आले. पळून जायचं ठरवलं होतं, पण मागचं दार उस्तादांनी मालाच्या पेट्यांनी बंद केलं होतं. मुद्दाम की काय, कळलं नाही.

साहेबांनी पिस्तूल फिरवून बघितलं आणि मान हलवली. काचेच्या कपाटात नाही, म्हणाले. मागच्या खोलीत ठेवून घेऊ, अभ्यासाला. तिथे नावाची पाटी नसते.

बाईंनी पिस्तूल हातात घेतलं. अंगठा डाव्या अंगावर ठेवला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. शोधत होत्या. मला बघवेना म्हणून भिंतीकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. छडी मारली असती तरी चाललं असतं.

मग म्हणाल्या, फॉर्म आण. दुर्मीळवाला वाचला, बाजूला ठेवला. कोरा पुढे केला आणि म्हणाल्या, आता पायऱ्यांसकट.

बाई शेजारी उभ्या, मी लिहितोय. पोलाद: साधं कार्बन. फिनिश: ब्लूइंग, मूळचं, पट्टीखाली दोन बोटं शिल्लक. बाकीचं कसं गेलं: व्हिनेगर, मग पाणी, मग तेल न लावणं, मग बाटली. झिजेच्या खुणा: डाव्या अंगाला एक होती, वडिलांच्या अंगठ्याची, आता नाही. शेवटचा रकाना, हे कुणी केलं. तिथे पेन थांबलं. बाई थांबून राहिल्या. मी माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. सगळं वाचलं, खाली एक बरोबरची खूण केली. शाळेतली सगळी वर्षं धरून त्यांनी मला दिलेली ही पहिलीच.

१७ मार्च, सोमवार
काउंटरवर. खिडकीजवळच्या टेबलावर उस्ताद बसतात, त्यांना आता सगळं दिसतं.

संध्याकाळी घरी जाताना कपड्यांसाठी दोरी घेतली. नायलॉनची. बायकोने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तार उतरवून हात धुतले, बराच वेळ केशरी पाणी येत होतं.